चौथ्यांदा विचारलंच नाही

त्या शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा नवरा पोह्यांसाठी कांदा चिरत होता आणि कांदा किती जाड चिरलाय हे मी त्याला सांगत होते. हात ओले, म्हणून त्याने कोपराने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे आमच्या गावच्या कोचबाई होत्या. सबंध आयुष्य मैदानावर ओरडण्यात गेल्यामुळे त्यांचा आवाज असा झालाय की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "या वर्षी भिंतीवर तुझा फोटो लावायचं कमिटीने ठरवलंय. चालेल ना?"

"छे छे," नवरा म्हणाला. "मी कुठला!"

"अरे, खरंच सांगतेय. चालेल ना?"

"नाही हो, माझ्यापेक्षा मोठी माणसं पडलीत. ज्याने शेड दिली त्या शेतकऱ्याला द्या. मी काय, रेघा मारल्या."

"म्हणजे तुला नको आहे?"

"नको. अगदी खरंच नको."

मग बाई म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्या निर्णयाचा आम्ही मान राखतो. हॅव अ गुड वीकेंड." आणि फोन बंद.

मी गॅस बारीक केला. नवरा हातात सुरी धरून फोनकडे बघत उभा. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं होतं की कसलं, देव जाणे.

"आता परत करतील," तो म्हणाला.

"कशाला?"

"चौथ्यांदा विचारायला."

आता ही भिंत म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही राहतो ते साउथ डकोटातलं गाव इतकं सपाट आहे की शेजाऱ्याचा कुत्रा पळून गेला तर तो दोन दिवस जाताना दिसत राहतो, असं इथलेच लोक म्हणतात. सगळीकडे मका, सोयाबीन आणि वारा. गावात एक शाळा, शाळेत एक जिम, आणि जिमबाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये ही भिंत. काउंटीतल्या, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या, नावाजलेल्या खेळाडूंचे, कोच लोकांचे फोटो तिथे फ्रेम करून लावलेले असतात. एक थाळीफेकवाली आहे, शेतकऱ्याची मुलगी. तिची थाळी एकदा समोरच्या वाऱ्याने उलटी येऊन तिच्याच मागे पडली, असं गावातले म्हातारे शपथेवर सांगतात. कुस्तीचे एक कोच आहेत, ते बर्फाच्या वादळातही स्वतः बस हाकत पोरांना स्पर्धेला न्यायचे आणि आयांच्या शिव्या खायचे. खुद्द कोचबाई आहेत, तरुणपणच्या, त्यांच्या बास्केटबॉलच्या मुलींसोबत. मुलींच्या अंगात मुलग्यांच्या जुन्या, ढगळ जर्सी. तेव्हा मुलींच्या टीमला स्वतःचे कपडे मिळत नसत. आणि शेवटी एक रांग आहे 'बिल्डर' लोकांची. म्हणजे जे स्वतः धावले नाहीत, ज्यांनी शिकवलंही नाही, पण ज्यांच्यामुळे दुसरे धावू शकले, असे.

माझा नवरा त्या रांगेत बसतो. त्याला धावता येत नाही; बस पकडायलाही तो झपझप चालत जातो. नागपूरच्या शाळेत कबड्डीच्या संघात त्याला कधी कुणी घेतलं नाही. सर त्याच्या हातात फक्कीची बादली द्यायचे. मैदानावर पांढऱ्या रेघा आखायची ती चुन्यासारखी पूड, ती फक्की. पोरं खेळायची, बक्षिसं घ्यायची, गटाचा फोटो काढायची, आणि हा फक्कीने माखलेला फोटोच्या बाहेर उभा. हे त्याने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं आणि वर म्हणाला, "माझ्या रेघा मात्र सरळ असायच्या."

मोठा होऊन तो सिव्हिल इंजिनियर झाला आणि इथे काउंटीच्या रस्ते खात्यात लागला. आमची मुलगी शाळेत धावायला लागली तेव्हा शाळेचा ट्रॅक म्हणजे उंदरांच्या भावासारख्या गोफर नावाच्या प्राण्याची वसाहत होती. पोरी धावताना बिळात पाय जाऊन पडायच्या. नवऱ्याने रस्त्याची मोजणी करायचं यंत्र आणून ट्रॅक मापला, बिळं बुजवली, भराव घातला, रोलर फिरवला आणि प्रत्येक लेनच्या रेघा स्वतः रंगवल्या. मग दर वसंतात रंगवतच राहिला. मुलगी शिकायला निघून गेली, पुढे न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला नोकरीला लागली, तरी ह्याचा ब्रश काही सुटला नाही. मी म्हणायचे, "घराचं कुंपण रंगव की!" ते अजून तसंच आहे.

हिवाळ्यात ट्रॅक बर्फाखाली जातो. तेव्हा ह्याने गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याला गाठलं. त्याच्याकडे मका कापायची अवाढव्य यंत्रं ठेवायची शेड होती. तिथे ह्याने जुने रबरी पट्टे अंथरले, लाकडी चौकटीत वाळू भरून लांब उडीची जागा केली, दिवे लावले. काउंटीतली पोरं सगळा हिवाळा तिथे धावली. त्यातली एक मुलगी पुढे कॉलेजात धावली आणि आता याच शाळेत कोच आहे. तर असा हा माझा बिल्डर.

आणि त्याला ती भिंत हवी होती. कधी बोलला नाही, पण मी काय आंधळी आहे? मॅच बघायला गेलो की कॉफीचं निमित्त करून हा कॉरिडॉरमध्ये. बिल्डरांच्या रांगेत पुढची जागा रिकामी होती, तिथे भिंतीकडे बघत उभा. कुणी आलं की लगेच नोटीस बोर्ड वाचायचा. नोटीस काय, तर हरवलेला हातमोजा.

त्यात मी गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. ऑगस्टमध्ये कोचबाई त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या आणि काउंटरवर वाकून कुजबुजल्या. त्यांची कुजबुज अख्ख्या दुकानाने ऐकली. "त्याचा एखादा बरा फोटो आहे का? पासपोर्टवरचा नको, त्यात तो फरार दिसतो." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने "हॅ, काहीतरीच!" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी केस कापून आला. मी न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या नणंदेला फोन केला. तिने त्याच संध्याकाळी तिथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात जाऊन पैठणी काठाची शाल घेतली. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो सगळे. आणि फोन आला, तर हा म्हणतो, अगदी खरंच नको!

आता तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? तर त्याचं कारण नागपूर.

मी पुण्याची. आमच्या घरी 'चहा घेणार का?' असं विचारतात, त्यावर हो किंवा नको म्हणायचं आणि जे म्हणाल ते मिळतं. नवऱ्याच्या घरी तसं नाही. तिथे पाहुण्याने नको म्हणायचंच असतं. पहिल्यांदा नको म्हणजे नमस्कार. दुसऱ्यांदा नको म्हणजे तब्येत विचारणं. तिसऱ्यांदा नको म्हटलं की खरं बोलणं सुरू होतं, आणि चौथ्यांदा यजमान न विचारताच पानात वाढतो. मग पाहुणा "अरे बाप्पा, किती!" म्हणत सगळं संपवतो. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरला गेले तेव्हा मी "बास" म्हटलं आणि पानात आणखी पुऱ्या पडल्या. मला वाटलं सासूबाईंना कमी ऐकू येतं. आणि हा पहिल्यांदा आमच्या पुण्याच्या घरी जेवायला आला तेव्हा माझ्या आईने मोदक पुढे केले. हा "नको नको" म्हणाला आणि आईने "बरं" म्हणून ताट उचलून नेलं. स्वयंपाकघरात जाणाऱ्या त्या मोदकांकडे तो ज्या नजरेने बघत होता, ती मला अजून आठवते.

इथे डकोटात तो रमला त्याचं कारणही तेच. इथल्या लोकांचे पणजे-खापरपणजे नॉर्वे-स्वीडनकडून आलेले, आणि ह्यांच्यातही थेट हो म्हणणं जरा हावरटपणाचं समजतात. चर्चच्या जेवणात कुणी गोड वड्या पुढे केल्या की आधी नको, मग नको, आणि तिसऱ्यांदा "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणून डिशभर घेतात. नवऱ्याला वाटलं, वा! आपलीच माणसं! पण इथला हिशेब तिसऱ्यावर संपतो हे त्याला कधी कळलंच नाही. कारण वड्यांसाठी तो दुसऱ्यातच विरघळायचा. ह्या माणसाचं असं आहे की गोष्ट जितकी जास्त हवी, तितकं ह्याचं 'नको' लांब. आणि भिंतीइतकं हवंसं त्याला इथे कुणी कधी देऊच केलं नव्हतं.

पोहे झाले. खाल्ले. फोन आला नाही.

"रविवारी करतील," तो म्हणाला. रविवारी फोन उशाशी. सोमवारी ऑफिसमध्ये मीटिंगमध्येसुद्धा समोर ठेवला. गाडीच्या विम्यावाल्यांचा आला, तर पहिल्या रिंगला उचलला. बुधवारी माझं डोकं फिरलं.

"अरे, तूच उलटा फोन कर ना! सांग, विचार बदलला म्हणून."

"मागून मान घ्यायचा नसतो."

"मग मी सांगते बाईंना."

"तू एक शब्द बोलायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

"डोंबल तुझी शपथ!" मी म्हटलं. पण शपथ ती शपथ. आम्ही पुणेकर तोंडाने फटकळ असलो तरी शब्दाचे पक्के असतो.

मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं, आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "बट आई, ही सेड नो. नो मीन्स नो." लहानपणापासून हेच तिला आम्ही घोकून घोकून शिकवलेलं. "दे रिस्पेक्टेड हिम," ती म्हणाली. मी म्हटलं, "तोच तर घोळ झालाय ना बाई!" फोटो लागायच्या समारंभासाठी तिचं तिकीटही काढून झालं होतं.

मग नणंद. तिला हे सगळं एका क्षणात कळलं. "चौथ्यांदा विचारलंच नाही? काय सांगून राहिल्या वहिनी तुम्ही! कसली माणसं आहेत ही! आणि मी शाल घेतली तिचं काय करू आता, सोफ्यावर टाकू?" भाऊ चुकला असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. अख्ख्या साउथ डकोटाला तिने मागासलेलं ठरवलं आणि फोन ठेवला.

इकडे नवरा उतरत चालला होता. कुरकुर नाही, चिडचिड नाही; नुसता गप्प. संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन रंगाचे डबे इकडचे तिकडे लावायचा. जिममध्ये व्हॉलीबॉलची मॅच होती, तिला आला नाही. "पाय दुखतो," म्हणाला. कुठला पाय विचारलं तर आधी उजवा म्हणाला, मग डावा. मला हसू आलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांच्या फोटोसाठी रेघा आखत आला. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी त्याला म्हटलं, ये, आता फोटोत ये. आणि ह्याने काय केलं, तर स्वतःच्या हाताने पुन्हा बादली उचलली.

पुढच्या आठवड्यात कोचबाई गोळ्या न्यायला दुकानात आल्या. मी मूग गिळून गोळ्या मोजल्या. पिशवी दिली. आणि म्हटलं, "रविवारी आमच्याकडे जेवायला या."

शपथ न बोलण्याची होती, जेवायला न घालण्याची नव्हती.

"छे, तुला कशाला त्रास," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नको गं, खरंच." तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बरं, मग मी काहीतरी घेऊन येते." आणि रविवारी खरंच एक काहीतरी घेऊन आल्या. हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. नवऱ्याने ते अगदी प्रेमाने टेबलाच्या मधोमध ठेवलं.

मी गोळाभात केला होता आणि पाटवडीचा रस्सा. वाढायला नवरा. घरी पाहुणे आले की हा खुर्चीवर टेकतच नाही. हातात डाव घेऊन टेबलाभोवती फिरतो. बाईंनी पहिली वाढ संपवली, मग "बास" म्हणाल्या. ह्याने वाढलं. त्यांनी हाताने ताट झाकलं. ह्याने हाताच्या कडेने वाढलं. मग त्यांनी ताट उचलून छातीशी धरलं, तर हा वाकून ताटात पाटवडी सोडायला लागला. सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं, पण अंगविक्षेप अस्सल नागपुरी.

"अरे, मी तीनदा नाही म्हणाले!" बाई ओरडल्या. "तुझ्या घरात किती वेळा नाही म्हणावं लागतं?"

नवऱ्याला जोर चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "आमच्याकडे 'नाही' मोजत नाहीत," तो म्हणाला. "नाही म्हणायचंच असतं हो. पहिल्या हाकेला ताट पुढे करणारा माणूस कसा दिसतो? शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं. तोंड हो म्हणत असलं की वाढायचं."

बाईंनी ताट हळूच खाली ठेवलं. चमचाही ठेवला.

"मग फोनवर?" त्या म्हणाल्या.

"फोनवर काय?"

"फोनवर मला तुझं तोंड दिसत नव्हतं."

नवरा डाव हातात धरून उभा. रश्श्याचा एक थेंब माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला, मग दुसरा. मी काही बोलले नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा.

"तुला हवं होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे तसं काही नाही. माझ्यापेक्षा योग्य माणसं..."

"अरे!" मी किंचाळले. "केस कापून आला होता हा! आदल्या आठवड्यातच कापलेले, तरी पुन्हा!"

शपथ मोडली की नाही यावर आमचं नंतर भांडण झालं. माझं म्हणणं, मी फक्त केसांबद्दल बोलले.

बाईंनी कपाळावरून हात फिरवला. "कर्म माझं," असं म्हणायला इंग्रजीत जे काही असतं ते त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जागा गेली रे. तू म्हणालास त्या शेतकऱ्याला द्या, तर दिली आम्ही. मीच गेले होते सांगायला. तो आता वृद्धाश्रमात असतो. माझा हात धरून रडला. सगळ्या नर्सना सांगून झालंय त्याचं. मुलगा ॲरिझोनाहून येतोय."

मी मनातल्या मनात त्या शेतकऱ्याला, बाईंना, नागपूरला आणि टेलिफोनचा शोध लावणाऱ्याला शिव्या मोजल्या. नवरा खुर्चीवर बसला. घरी पाहुणे असताना तो बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"बरं झालं," तो म्हणाला. "त्यालाच द्यायला हवं होतं."

"हे तू फोनवर मनापासून बोलला होतास?"

त्याने विचार केला. "तेव्हा नाही," तो म्हणाला. "आत्ता बोलतोय ते मनापासून."

मग बाईंनी त्याला विचारलं, समारंभात त्या शेतकऱ्याची ओळख तू करून देशील का? त्याने मान डोलावली. जाताना बाई दारात माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. जेली तशीच राहिली होती. ती नवऱ्याने आठवडाभर खाल्ली.

समारंभाला मुलगी आली, आणि नणंदही आली, दोन विमानं बदलून, शाल आणि नारळ घेऊन. "ज्याचा सत्कार असेल त्याचा असो," ती म्हणाली, "आपली शाल कुणाच्या तरी खांद्यावर पडली पाहिजे." शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये घडीच्या टेबलांवर कागदी रुमाल, उकडलेले बटाटे, वाफाळती कॉफी. काउंटीतली सगळी म्हातारी खेळाडू मंडळी, गुडघे बदललेली, कंबरेला पट्टे, पण पाठी ताठ. त्या थाळीफेकवाल्या बाईंना मी प्रत्यक्ष भेटले. त्यांनी माझा हात असा दाबला की मला दुसऱ्या दिवशी गोळ्यांच्या बाटल्यांची झाकणं उघडेनात.

बोलायला दोन मिनिटं दिली होती. मराठी माणसाला दोन मिनिटं म्हणजे नुसतं व्यासपीठावरच्यांना नमस्कार घालायला लागतात. पण नवऱ्याने कागद काढला नाही. तो व्हीलचेअरवरच्या त्या म्हाताऱ्याकडे बघत बोलला. म्हणाला, "मी शेड मागायला गेलो तेव्हा आत यंत्रं होती. प्रत्येक यंत्र माझ्या घरापेक्षा महाग. मी विचारलं, पोरांना धावायला थोडी जागा देता का? हे काही बोलले नाहीत. मी आपला परत आलो. दुसऱ्या दिवशी गेलो, तर यंत्रं बाहेर बर्फात उभी, वर नुसती ताडपत्री. मी म्हटलं, अहो, ही खराब होतील. तर हे म्हणाले, यंत्रांना सर्दी होत नाही, पोरांना होते."

ती आताची कोच, जी लहानपणी त्या शेडमध्ये धावली होती, तिने कागदी रुमाल डोळ्यांना लावला. नवऱ्याने नणंदेकडून शाल घेतली, म्हाताऱ्याच्या खांद्यांवर नीट पसरली, त्याच्या हातात नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्याने नारळ तळहातावर तोलला, हनुवटीखाली गोळाफेकीसारखा धरला आणि मोठ्याने विचारलं, "किती लांब फेकू?" सगळ्या हॉलमध्ये हशा फुटला. त्यात सगळ्यात मोठ्याने माझा नवरा हसत होता, आणि ते खरं हसू होतं. ते बघून मी मनातल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. टेलिफोनवाल्याच्या सोडून.

मग सगळे कॉरिडॉरमध्ये गेले. म्हाताऱ्याचा फोटो बिल्डरांच्या रांगेत लागला. त्याच्या मुलाने व्हीलचेअर जवळ नेली, बापाला स्वतःचा फोटो हाताने चाचपू दिला. लोक कॉफीचे कप घेऊन भोवती उभे. एकेक जण येऊन म्हाताऱ्याशी हात मिळवत होता. नवरा मागे, नोटीस बोर्डापाशी, नेहमीच्या जागी.

कोचबाई गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेल्या. कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. त्या दबक्या आवाजातच बोलत होत्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जात होतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कमिटीपुढे तुझं नाव जर..."

"हो," नवरा म्हणाला.

"मी अजून विचारलं नाही."

"मला हवंय," नवरा म्हणाला. "खूप हवंय. ह्या वर्षीही हवं होतं."

नणंदेने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! दादा, असं कुणी तोंडाने मागतं का?"

ह्या माणसाने माझ्या घरात कधी आमटीत मीठ कमी पडलं तर मीठसुद्धा मागून घेतलेलं नाही. उठून जातो, डबा शोधतो, नाही सापडला तर तशीच खातो. कान लाल झाले होते त्याचे. पण मान खाली नव्हती. मुलीने माझा हात घट्ट धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, रडू नकोस ना." तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

"काय करू," नवरा बहिणीला म्हणाला, "पाहिजे आहे ना मला."